कौसाबाईचा अंगठा

मालिनी : अजून किती लांब आहे हो ही वाडी? मघापासून 'हे काय, आलंच' चाललंय तुमचं.

दिनानाथ : हे काय, आलंच. त्या आंब्याच्या पलीकडे नदी, आणि नदीच्या अलीकडे वाडी.

मालिनी : आंबा कधीच मागे पडला. तुम्ही सांगितलेलं अंतर आणि तुमच्या ऑफिसाने दिलेली तारीख, दोन्हींवर विसंबून माणसाने चालायला निघू नये.

दिनानाथ : बदलापूर स्टेशनावरून बैलगाडी करू म्हणालो होतो मी.

मालिनी : आणि तिचं भाडं? तेही परत मागणार होतात का सरकारकडे?

दिनानाथ : थट्टा पुरे. बांधावरून नीट चाल, घसरशील.

मालिनी : बरं, मला पुन्हा एकदा समजावून सांगा. तिथे जाऊन गप्प बसायचं असेल तर कशासाठी गप्प बसते आहे ते तरी कळू दे. आपण घरासाठी कर्ज काढलं. कर्जाच्या कागदाला स्टँप लागला, नोंदणी लागली, वकील लागला. ते पैसे सरकारने घेतले.

दिनानाथ : वकिलाचे वकिलाने घेतले.

मालिनी : बरं, वकिलाने. आणि आता तेच सरकार म्हणतं की तुमची पुण्याहून अंबरनाथला बदली आम्ही केली, तुम्हाला इकडे घर बांधायला लागलं, तेव्हा ती फी आम्ही भरून देतो.

दिनानाथ : अगदी बरोबर. बदली झालेल्या नोकराला कर्ज काढताना जी फी पडली, तिची भरपाई. घराची नाही, कर्जाची नाही, फक्त फीची.

मालिनी : मग देत का नाहीत?

दिनानाथ : अट आहे. त्या घरात नोकराने स्वतः, कुटुंबासह, ठरल्या मुदतीत राहायला जायला हवं. मुदत संपत होती भाद्रपदात.

मालिनी : आणि घर पुरं झालं ज्येष्ठात. लागलीच चातुर्मास.

दिनानाथ : मग? चातुर्मासात वास्तुशांत कोण करतं? आणि वास्तुशांत झाल्याशिवाय नव्या घरात पाठ टेकायची नाही, हे आमच्या आईचं ठाम. तुझ्यासमोर म्हणाली ती.

मालिनी : कौसाबाईची सून टेकत होती की पाठ. बाळंतीण झाली तिथे.

दिनानाथ : ते वेगळं. ते राखणदार होते. नवं घर बंद ठेवलं तर दारं-खिडक्या उचलून नेतात लोक. बांधकामावर चुना-पाणी वाहायला होती कौसा, ओळखीची झाली होती, म्हटलं पावसाळाभर मुलगा-सुनेला घेऊन मागच्या खोलीत राहा. तिलाही कोरडं छप्पर मिळालं.

मालिनी : म्हणजे सरकार म्हणतं, राहा. सासूबाई म्हणतात, राहू नका. आणि तुम्ही दोघांचंही ऐकलंत. राहायला गेला नाहीत, आणि अर्जात लिहून दिलंत की राहायला गेलो.

दिनानाथ : काय करणार होतो? मुदत गेली असती. एका ओळीचा प्रश्न होता. चार महिन्यांनी राहायला जाणारच होतो ना आपण? कुणाच्या खिशातून काही जात नव्हतं.

मालिनी : आणि तपासणीसाला दारात भेटली कौसाबाई.

दिनानाथ : भेटली. 'इथे कोण राहतं?' विचारलं त्याने. हिने छाती काढून सांगितलं, आम्हीच राहतो! झालं. त्याने शेरा मारला, 'घर भाडेकरूंस दिलेले आढळले', आणि अर्ज नामंजूर.

मालिनी : आता पुन्हा मंजूर होईल म्हणता?

दिनानाथ : मोठे साहेब भले आहेत. म्हणाले, ते भाडेकरू नव्हते, नुसते राखणदार होते, असा त्या लोकांचा जबाब आणा, मी बघतो. जबाब मी लिहूनच आणलाय. कौसाचा अंगठा घ्यायचा की काम झालं. परवा वास्तुशांत, आणि महिन्याभरात पैसे हातात. तुझं शिवणयंत्र मेंघराजशेठकडून सोडवून आणतो की नाही बघ.

मालिनी : त्याचं नाव काढू नका.

दिनानाथ : का?

मालिनी : फीला पैसे कमी पडले म्हणून यंत्र त्याच्याकडे ठेवलंत ते ठेवलंत. पण आपण भाड्याने राहतो त्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत त्याच्या आणि आपल्या खोलीत नुसता पत्रा आहे हो. त्याची बायको दुपारभर शिवत बसते. माझ्या यंत्राचा आवाज मला ओळखू येतो. परवा तिचा दोरा तुटला, आणि इकडे माझा हात पुढे झाला. कालच ती म्हणाली, 'बाई, मशीन तेल मांगती है.' मी गुपचूप तेलाची बुधली नेऊन दिली.

दिनानाथ : म्हणूनच म्हणतो. एक अंगठा. तू फक्त मधे बोलू नकोस.

मालिनी : मी कशाला बोलू? मी आपली कुंची द्यायला आले आहे. यंत्र नाही म्हणून हातानेच शिवली. कौसाबाईचा मात्र मला राग आलाय थोडा. सून बाळंतीण झाली, तर मला निरोपही न देता बिऱ्हाड उचलून गेली. मी डिंकाचे लाडू करून ठेवले होते.

दिनानाथ : अं... गावच्या लोकांना गावाची ओढ. गेले आपण होऊन. ती बघ, खळ्यात उभी आहे.

(वाडीच्या कडेला शेणाने सारवलेलं खळं होतं आणि कौसाबाई सुपाने भात वारवत होती. दिनानाथांना वाटेवर पाहताच तिने सूप खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसली. शिव्या दिल्या असत्या तर दिनानाथ बोलायला तयार होऊन आले होते. ती हसेल असं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं, आणि वाटेत घोकलेलं पहिलं वाक्यच ते विसरले.)

कौसाबाई : साहेब तुमी? आन बाय बी? आरं द्येवा, येवढ्या लांब पायी आल्याव? बसा, बसा. हितं पेंढ्यावर बसा, ऊन न्हाय लागायचं. पानी आनते.

दिनानाथ : पाणी राहू द्या, कौसाबाई. कशा आहात तुम्ही?

मालिनी : 'तुम्ही'? रोज कौसा म्हणायचात.

दिनानाथ : मालिनी.

मालिनी : गप्प बसते.

कौसाबाई : काय बी म्हना, बाय. हाक मारल्याशी काम. घर कसं हाय? मागच्या भिताडाला ओल येत व्हती, गेली का? मी माझ्या लेकाला, आनंदाला म्हनलं व्हतं, साहेबांना सांग, तिकडनं पानी मुरतंय.

दिनानाथ : गेली. परवा वास्तुशांत आहे.

कौसाबाई : आता कशी राहती व्हतील मानसं! ब्येस झालं. घर लई गुनाचं हाय, बाय. मी सांगते ना. सुनेला दोन डाव झालं व्हतं न् ऱ्हायलं नव्हतं. त्या घरात ऱ्हायलं.

मालिनी : कुठे आहे बाळ? मी कुंची आणली आहे त्याला. तुझी सून विठा कुठे आहे?

कौसाबाई : न्हाय वो बाय. दिवाळी झाली तशी आनंदा न् विठा गेली कल्यानाकडं, ईटभट्टीवर. पोऱ्या बी संगट. आता वैशाखात येतील. मी हितं भातासाठी न् ढोरासाठी मागं.

मालिनी : एवढंसं पोर भट्टीवर?

कौसाबाई : मंग कुठं ठिवतील? पाठीशी बांधायचं न् काम करायचं. द्या इकडं कुंची, मी ठिवते. लाल हाय, मोप शोभंल. हातानं शिवली जनू.

दिनानाथ : हो, तिचं शिवणयंत्र गहाण पडलंय. कौसाबाई, एका कामासाठी आलो होतो. हा एक कागद आहे. यावर तुमचा अंगठा हवा. तुम्हाला काही त्रास नाही त्यात.

कौसाबाई : कसला कागद?

दिनानाथ : तो तपासणीस आला होता ना, डोक्यावर टोपी, हातात छत्री? त्याला तुम्ही सांगितलंत की आम्ही इथे राहतो. त्यामुळे माझं थोडं अडलंय.

कौसाबाई : वाईट बोलले का वो मी? त्यो म्हनला, घरात कोन हाय. म्या म्हनलं, घर भरल्यालं हाय, आमी ऱ्हातो, नातू झालाय, साखर खाऊन जा. साहेबांच्या नव्या घराला रिकामं कशाला म्हनू? आन आत पाच दिसाचं लेकरू. वलं लेकरू आत आसता दारात हुबं ऱ्हाऊन 'हितं कोन न्हाय' कसं म्हनंल मानूस?

मालिनी : ऐकलंत?

दिनानाथ : ऐकलं. तुमचा हेतू चांगलाच होता. आता फक्त एवढं लिहून द्यायचं. वाचतो मी. 'आम्ही खाली अंगठा करणार लिहून देतो की, सदरहू घरात आम्ही भाडेकरू नव्हतो. आम्ही फक्त दिवसा राखण करीत होतो. रात्री मुक्कामास वा राहण्यास आम्ही त्या घरात कधीही नव्हतो.'

कौसाबाई : कदीच न्हाय?

दिनानाथ : तसं लिहावं लागतं.

कौसाबाई : मंग माझा नातू कुठं झाला म्हनू?

दिनानाथ : ते कुणी विचारणार नाही.

मालिनी : मोठ्या साहेबांनी 'भाडेकरू नव्हते' एवढंच आणायला सांगितलं होतं ना? मग हे रात्रीचं कुठून आलं?

दिनानाथ : जबाब पक्का हवा. 'राहिलो होतो' म्हटलं की ते विचारणार, मग तुम्ही कुठे होतात? लिहायला काय जातं, मालिनी? बाईचं काही जात नाही त्यात.

कौसाबाई : माजं काय जायाचं? पर साहेब, त्या दिशी मला आदुगर समजावून सांगितलं आसतंत तर म्या त्या टोपीवाल्याला तसंच सांगितलं आसतं. तुमचा राग मला पटला. तुमचं काम नासलं माझ्या त्वांडानं. पर त्या दिशी पाऊस लई व्हता वो.

मालिनी : कुठल्या दिवशी?

कौसाबाई : टोपीवाला यून ग्येला, त्याच्या दुसऱ्या दिशी. साहेब आले न् म्हनले, दिवस मावळायच्या आत घर रिकामं पायजे.

मालिनी : काय?

दिनानाथ : मालिनी, मी तुला सांगणार होतो.

मालिनी : तुम्ही म्हणालात आपण होऊन गेले. सहा दिवसांची बाळंतीण, भर भाद्रपदात, तुम्ही बाहेर काढलीत?

दिनानाथ : मी चिडलो होतो. वर अर्ज केला होता मी, पुन्हा तपासणी करा म्हणून. तपासणीस कुठल्याही क्षणी परत येईल असं वाटलं. घर रिकामं दिसायला हवं होतं.

मालिनी : आला?

दिनानाथ : नाही. आलाच नाही.

मालिनी : इथवर कशा आलात गं तुम्ही?

कौसाबाई : चालत. वाटंतल्या वढ्याला पानी व्हतं म्हून तिकडनं पुलावरनं वळसा घातला. आनंदानं विठाला पाठकुळी घ्येतलं न् मी पोराला टोपल्यात. वर इरलं धरलं. पोऱ्या कोरडा ऱ्हायला, बाय, साहेबाची शपत. टिपूस न्हाय पडू दिला. नगं डोळ्याला पानी आनू. झालं ते झालं. पोऱ्या ऱ्हायला ना?

मालिनी : मी लाडू करत होते हो त्या दिवशी. डिंक तळत होते, आणि तुम्ही संध्याकाळी घरी आलात, त्यातला एक खाल्लात. 'छान झालाय' म्हणालात.

दिनानाथ : हो.

मालिनी : कसा उतरला तो घशाखाली?

दिनानाथ : नाही उतरला, मालिनी. तेव्हापासून काही नीट उतरतच नाही. मला वाटलं होतं, पैसे आले, यंत्र आलं, वास्तुशांत झाली, की सगळं विसरायला होईल. रोज वाटेने येताना-जाताना मनाला हेच सांगत होतो.

मालिनी : मला नको ते यंत्र.

दिनानाथ : कौसाबाई, चुकलं माझं. फार चुकलं. हा कागद राहू दे. परवा वास्तुशांतीला तुम्ही या. गाडी पाठवतो. आनंदा-विठालाही भट्टीवरून बोलावून घेतो.

कौसाबाई : भट्टीवाला उचल दिल्याबिगर न्हेत न्हाय, साहेब, आन न्हेल्यावर सोडत न्हाय. वैशाखापतूर त्यांना काय येता यायचं न्हाय.

मालिनी : मग वैशाखात या. आमच्याकडे राहा.

कौसाबाई : येऊ. पर म्या येक मागनार व्हते. साहेबांना सांगायची छाती न्हाय झाली. आता तुमी बाय मानूस हाय तर सांगते.

मालिनी : सांग ना.

कौसाबाई : सहावीच्या राती सटवी येती ना, लेकराचं नशीब लिवाया? तुमच्यात बी करतात का?

मालिनी : करतात की. पाटावर कोरा कागद ठेवतात, लेखणी ठेवतात, रात्रभर जागतात.

कौसाबाई : आमच्यात कागद नसतो, तांदूळ पसरून ठिवतो. सगळं त्याच घरात करायचं. जिथं लेकरू झालं, तिथंच ती येती. म्या सगळी तयारी केली व्हती वो. तांदूळ निवडून ठिवलं व्हतं, हळद-कुकू आनलं व्हतं बाजारातनं. त्याच दिशी आमी निघालो. रात झाली तवा आमी वाटंत व्हतो.

मालिनी : अगं बाई.

कौसाबाई : मंग हितं आल्याव केली म्या पूजा. आमचा भगत म्हनला, चालतंय. पर मला काय पटंना. ती त्या घरात ग्येली आसंल ना? पोऱ्या न्हाय घावला तिला, तर कपाळ कोरंच ऱ्हायलं म्हनायचं. म्हून म्हनलं, तुमची शांत व्हायच्या आदुगर येक रात पोराला घ्यून त्याच खोलीत निजावं. शांत झाल्याव तर घर तुमच्या द्येवाचं झालं. पर आता पोऱ्याच न्हाय हितं. आन तुमची शांत परवा.

मालिनी : पुढे ढकला.

दिनानाथ : काय?

मालिनी : वास्तुशांत पुढे ढकला. वैशाखात करू. पोर येऊ दे आधी.

दिनानाथ : ढकलतो. आईला मी सांगेन. ऑफिसलाही सांगेन, मी राहायला गेलोच नव्हतो. नको ते पैसे.

कौसाबाई : आसं नगा करू. माझ्यापायी म्हातारीचा जीव नगा टांगू. आन त्यो कागद द्या इकडं. शाई आनलीय ना?

दिनानाथ : नको, कौसाबाई.

कौसाबाई : द्या वो. येवढी वाट तुडवत आल्याव. बायच्या मशीनचं म्हनत व्हताव ना मगाशी? येवढं शिवनारी बाय, न् मशीन लोकाकडं. मला काय लिवल्यालं वाचता येत न्हाय. अंगठा माजा, लिवनं तुमचं. हा डावा ना? हां. उमटला बगा नीट. घ्या, आता शाई वाळू द्या.

मालिनी : हा कागद मी माझ्याजवळ ठेवते. तो द्यायचा की नाही ते मी ठरवीन.

दिनानाथ : ठेव.

कौसाबाई : आता च्या करते. गुळाचा चालंल ना? बसा. साहेब, येक इचारू? रागावनार न्हाय ना?

दिनानाथ : विचारा. मी कोण रागावणारा?

कौसाबाई : आमी निघालो त्या राती, तुमी मागनं थांबला व्हताव तिथं. खोलीत दिवा व्हता का वो? दिवा आसला तर ती जरा येळ थांबती म्हनत्यात. वाट बगती.

दिनानाथ : नव्हता, कौसाबाई. मी दाराला कुलूप लावलं आणि कॅम्पात गेलो.

कौसाबाई : आसं. मंग दारावरनंच ग्येली आसंल माघारी.